घोट्याचे स्थैर्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : हाडांच्या पक्क्या खोबणीमुळे घोट्याचा सांधा सदैव सारखाच घट्ट असतो.

वस्तुस्थिती : नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड यांची खालची टोके मिळून चिमट्यासारखी खोबण बनते व तीत टॅलस हे पावलाचे सर्वांत वरचे हाड बसते. टॅलसचा माथा पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्याने, टाच टेकून उकिडवे बसताना नडगी पुढे झुकली की रुंद भाग खोबणीत रुतून सांधा घट्ट होतो. उलट जिना उतरताना चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैलावतो. खोबणीच्या दोन हाडांना बांधून ठेवणारे तंतूही तितकेच महत्त्वाचे असतात, कारण टॅलस केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकल्यास सांध्यातील स्पर्शक्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते, असे रॅमसे व हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये दाखवले.

गैरसमज : घोट्याच्या दोन्ही बाजू सारख्याच भक्कम असतात.

वस्तुस्थिती : हाडांना हाडांशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. आतील बाजूस त्यांचा पंख्यासारखा पसरलेला जाड समूह असतो, तर बाहेरील बाजूस तीन सुटे अस्थिबंध असतात व त्यांतील पुढचा सर्वांत दुबळा असतो. शिवाय बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खालपर्यंत उतरत असल्याने पाऊल बाहेरच्या बाजूस कलंडण्याला अडसर होतो, मात्र तळवा आत वळण्याला आतल्या आखूड घोट्याचा तेवढा अडसर नसतो. म्हणूनच चवडा झुकलेला असताना पाऊल आत मुरगळून हाच पुढचा अस्थिबंध बहुधा प्रथम दुखावतो.

गैरसमज : सूज ओसरली की घोटा पूर्ववत होतो.

वस्तुस्थिती : टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो, त्यामुळे त्याला सावरण्याचे काम सांध्यावरून पुढे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांना, म्हणजे कंडरांना, करावे लागते, त्यांपैकी बाहेरच्या घोट्यामागून जाणाऱ्या दोन कंडरा पाऊल आत वळू लागताच त्याला बाहेर खेचतात. पावलाच्या स्थितीची जाणीव मेंदूला देणारी चेतातंतूंची टोके अस्थिबंधांतही असतात आणि दुखापतीत ती बिघडल्यास ही खेच उशिरा पडते, म्हणून वेदना थांबल्यावरही एका पायावर तोल सांभाळण्याचा व स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आवश्यक ठरतो. तो टाळल्यास तोच पाय पुन्हा मुरगळण्याचा धोका वाढतो.