को ०९००४ ची जागा कुठली?

वाळवा तालुक्यातली ऊसनोंद म्हणजे एकात एक बसवलेल्या याद्या. साखर कारखान्याच्या गट ऑफिसखाली गावं, गावाखाली शेतकरी, शेतकऱ्याखाली त्याचे प्लॉट आणि प्रत्येक प्लॉटला जमिनीचा गट नंबर, लागणीची तारीख, क्षेत्र, वाण. ईश्वरपुरात (पूर्वीच्या इस्लामपुरात) बसून अशा नोंदी वेबपानावर मांडताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो क्रम लावण्यात. कारण गट नंबर असो की वाण, दोन्हींत अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात.

जावास्क्रिप्टचं 'सॉर्ट' काही न सांगता चालवलं, तर ते सगळ्याला मजकूर समजतं आणि डावीकडून एकेक चिन्ह ताडून बघतं. मग गट नंबर १०, १०/१अ, १०२, २ असे लागतात. रोज सातबारा हाताळणाऱ्या माणसाला अशा यादीत काही सापडत नाही. इलाज सोपा आहे. 'लोकेलकम्पेअर'ला 'न्यूमेरिक' हा पर्याय द्यायचा. सलग आलेले अंक, देवनागरी असले तरी, एक संख्या म्हणून वाचले जातात आणि २, १०, १०/१अ, १०२ असा क्रम मिळतो. पीएचपीत हेच काम 'नॅटसॉर्ट' करतं, पण फक्त इंग्रजी अंकांसाठी.

मात्र बाहेरची यादी लावली म्हणून आतली लागत नाही. प्रत्येक गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंत उतरून तिथला क्रम वेगळा लावावा लागतो. शिवाय 'सॉर्ट' मूळ यादीच हलवतं. तीच यादी दुसऱ्या पानावर वापरात असेल तर तिथलाही क्रम बदलतो. २०२३ मध्ये भाषेत आलेलं 'टूसॉर्टेड' नवी यादी देतं, पण तेही फक्त वरच्या थरापुरतं.

गट नंबरांचं एवढ्यावर भागतं, वाणांचं भागत नाही. वाणाच्या नावातला 'को' म्हणजे कोइमतूर, जिथं १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. 'कोएम'मधला 'एम' महाराष्ट्राचा; ही निवड फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची. को ८६०३२ मध्ये ८६ हे साल आणि ०३२ हा त्या सालातला अनुक्रम. कोएम ०२६५ म्हणजे २००२ मधला ६५ वा. जुन्या को ४१९ आणि को ७४० मध्ये मात्र साल नाही, तो नुसता चढता क्रमांक आहे.

आता 'न्यूमेरिक' लावून बघा. यादी येते ती अशी: को ४१९, को ७४०, को ७२१९, को ०९००४, को ८६०३२, को ९४०१२. संगणकाने ०९००४ चं नऊ हजार चार केलं आणि २००९ चा वाण १९८६ च्या आधी नेऊन ठेवला. संख्या म्हणून हे बिनचूक आहे, वाण म्हणून चूक.

पहिले दोन अंक साल धरायचे, असा नियम लिहिला की ही चूक जाते. ०९ म्हणजे २००९ आणि ९४ म्हणजे १९९४, हेही सांगता येतं. तीन अंकी असेल तर जुना चढता क्रमांक, हेही. पण उत्तरेत एकेकाळी गाजलेला को ११४८ समोर आला की नियम अडतो. चार अंकी असूनही तो चढता क्रमांकच आहे आणि को ७२१९ मधले ७२ हे साल आहे. नुसत्या अंकांकडे बघून हा फरक कळत नाही.

म्हणून मी वाणांचा वेगळा तक्ता करतो: कोड, साल, अनुक्रम, पक्वतेचा गट. लोक बोलतात ती नावंही त्यातच येतात. कोएम ०२६५ ला शिवारात सगळे 'दोनशे पासष्ट' म्हणतात आणि नोंदीत तो २६५, ०२६५, फुले २६५ असा कसाही येतो. ही सगळी रूपं आधी एका कोडवर आणायची, मगच तुलना करायची. इथं अंक देवनागरी असतील तर आधी इंग्रजी करून घ्यावे लागतात, कारण 'पार्सइंट'ला २६५ ही संख्याच वाटत नाही.

एवढी खटपट करायची ती तोडणीच्या क्रमपाळीसाठी. तिथं लागणीची तारीख आधी आणि वाणाची पक्वता नंतर बघायची असते. पाळी लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो. यादीतली जागा म्हणजे शेतकऱ्याचं उत्पन्न आहे. माझा प्लॉट खाली का, असं कुणी विचारलं तर तारीख आणि वाण दाखवून उत्तर देता आलं पाहिजे. संगणकाने तसा लावला, हे उत्तर होऊ शकत नाही. क्रमाचा नियम माणसाने ठरवायचा, तक्त्यात उघड लिहायचा आणि कुणालाही वाचून दाखवता येईल असा ठेवायचा.