पालीसाठी घर

भिंतीवर पाल दिसली की तुम्ही काय करता? मी पलंगावर चढते आणि तिथूनच केरसुणी मागते. आमचे हे ती आणून देतात आणि वर हसतात. अशा बाईनं परमुलखात जाऊन स्वतःच्या हातांनी पालीसाठी घर बांधलं, हे आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणालाच खरं वाटलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझी धाकटी बहीण मीनल लंडनजवळच्या स्लाव गावी असते. तिचं दुसरं बाळंतपण होतं. आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून शाळेला सुट्टी लागताच मी गेले. डिंक, अळीव, बाळंतशोपा सगळं बांधून नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. पण दोन-चार दिवसांतच माझ्या लक्षात आलं, की बाळंतिणीइतकंच लक्ष द्यायला हवं ते दहा वर्षांच्या निनादकडे. आतापर्यंत सगळं घर त्याचं होतं. आता जो तो त्याला ‘हळू बोल, बाळ झोपलंय’ एवढंच सांगत होता. शाळेतून आला की पोरगा खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. आणि खोलीत होती त्याची पाल.

हो, पाळलेली पाल! तिकडे तिला क्रेस्टेड गेको म्हणतात. शेपटीसकट वीतभर लांब, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाची, म्हणून नावही बिस्किट. डोळ्यांच्या वर पापण्यांच्या केसांसारखे बारीक काटे असतात. खऱ्या पापण्या मात्र नसतात, त्यामुळे ती आपली जीभ बाहेर काढून स्वतःचे डोळे चाटून पुसते. (निनाद म्हणायचा, बिस्किट ‘तो’ आहे. पण पाल म्हटलं की माझ्या तोंडी ‘ती’च येते.) तेव्हा ती झाकणाच्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात राहायची. नवीन बाळाच्या गडबडीत मोठं घर आणायचं राहून गेलं होतं.

एके दुपारी मी घडी केलेले कपडे ठेवायला त्याच्या खोलीत गेले. डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. कपाट उघडलं तर वरून काहीतरी गार, मऊ माझ्या दंडावर पडलं. मी किंचाळले आणि हातातल्या टॉवेलनं ते झटकलं. खाली बघते तर बिस्किट पलंगाखाली पळालेली, आणि सतरंजीवर तिची शेपटी एकटीच वळवळत होती.

संध्याकाळी निनाद आला तेव्हा मी त्याला समजावू लागले, ‘अरे, येते परत शेपटी. आमच्याकडच्या पालींना येते.’ तो म्हणाला, ‘मावशी, हिला येत नाही. कधीच नाही.’ मला वाटलं, पोरगं रागावून बोलतंय. पण त्याच्या पुस्तकातही तेच होतं. आपल्या घरातल्या पालीची शेपटी तुटली की नवी फुटते. या जातीच्या पालीला मात्र ती जन्मात एकदाच मिळते. जंगलातल्या बहुतेक मोठ्या झालेल्या पाली अशा बिनशेपटीच्याच असतात आणि त्यांचं काही अडत नाही, असंही त्यात होतं. पण हे त्या वेळी त्याला कोण सांगणार? पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी जखमेवर हळद लावू का विचारलं, तर नुसतीच मान हलवली. बरोबरच होतं त्याचं. अशा जखमेवर काहीही लावायचं नसतं. ती आपली आपण मिटते; फक्त खालची माती काढून कागदी रुमाल अंथरायचे आणि रोज बदलायचे.

तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, ‘चल, आपण बिस्किटला मोठं घर करू. तू सांग, मी करते.’

मीनलच्या यजमानांनी शेजारच्यांनी टाकून दिलेली माशांची काचेची टाकी आणली. पंचाहत्तर सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद, पंचेचाळीस उंच, आणि एका कोपऱ्यात गळकी. म्हणूनच फुकट! आम्ही ती उभी केली. ही पाल झाडावर राहणारी, तिला लांबी-रुंदीपेक्षा उंची हवी. उभ्या टाकीचं उघडं तोंड समोर आलं, गळका सांधा वरच्या बाजूला गेला, आणि फक्त दार करायचं राहिलं.

खाली माती राहावी म्हणून समोर अॅक्रिलिकची बारा सेंटिमीटरची पट्टी चिकटवली. तिच्यावर चार बोटं रुंदीची जाळी आणि त्याच्या वर दार. दाराच्या खालच्या भागात अॅक्रिलिक, वरच्या भागात पुन्हा जाळी. दोन ठिकाणी जाळी कशाला, असं मला वाटलं होतं. पण चुलीच्या धुराड्याचंच तत्त्व आहे ते. गरम, दमट हवा वरच्या जाळीतून बाहेर पडते आणि खालून ताजी आत येते. एकच जाळी ठेवली तर हवा कोंडते आणि मातीवर बुरशी धरते. लाकडी चौकटीला तीन हात व्हार्निश दिलं, नाहीतर रोजच्या ओलाव्यानं ती फुगून दार बसत नाही.

जाळी बसवण्याचं काम माझं. ती अॅल्युमिनियमचीच घेतली, कारण खायला सोडलेले किडे नायलॉनची कुरतडतात. कापल्यावर तिच्या तारा सुईसारख्या टोचायला लागल्या. मी परकराच्या काठाला घालते तशी दुहेरी दुमड घातली आणि मग चौकटीत ठोकली. निनादनं चारही कडांवरून बोट फिरवून पाहिलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

चिकटवायला सिलिकॉन घ्यावं ते माशांच्या टाकीसाठी मिळतं तेच. न्हाणीघराच्या फरशीसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक घातलेलं असतं, ते प्राण्याला बाधतं. लावल्यावर त्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. हा वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, कितीही दिवस लागोत. आम्हाला आठ दिवस लागले. रोज शाळेतून आला की निनाद टाकीत डोकं घालून हुंगायचा. तेवढ्या दिवसांत बिस्किटची जखमही सुकत आली.

आतली सजावट म्हणाल तर तळाला खडे, त्यावर जाळीचा तुकडा, म्हणजे जास्तीचं पाणी खाली उतरतं आणि माती चिखल होत नाही. त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा. विटेसारखा दाबलेला मिळतो, पाण्यात घातला की फुगतो. ज्या शेंड्या आपण बंबात घालतो त्यांची तिकडे वीट विकत घ्यायची, म्हणजे गंमतच! मीनलच्या खिडकीतला मनी प्लँट धुऊन, खत नसलेल्या मातीत लावला. बुचाच्या झाडाची साल आणि बांबूचे तुकडे आडवे-तिरपे बसवले. आणि अळिवाच्या लाडवांसाठी फोडलेल्या नारळाची करवंटी उकळून, कडा घासून, वरच्या बाजूला अडकवली. ही पाल जेवायलासुद्धा खाली उतरायचा कंटाळा करते, म्हणून ताट वरच मांडायचं. तिचं जेवण म्हणजे दुकानात मिळणारी फळांची तयार पूड, पाण्यात कालवून. मी पिकलं केळं सुचवलं होतं. ते कधीतरी चाटायला चालतं, पण नुसत्या केळ्यावर ठेवली तर तिची हाडं ठिसूळ होतात. अधूनमधून कॅल्शियमची पूड लावलेले जिवंत किडे. ते द्यायची वेळ झाली की मी स्वयंपाकघरात जायची.

घर कुठे ठेवायचं यावरून मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, खिडकीत, ऊन येईल. निनाद म्हणाला, उन्हात काच तापून ती मरेल. खरंच आहे. तिला बावीस ते सव्वीस अंश मानवतं. अठ्ठावीसच्या वर तिचे हाल होतात. म्हणून आत उष्णतामापक हवाच, आणि दमटपणा मोजणाराही. रात्री पाणी फवारायचं आणि दिवसा ते सुकू द्यायचं. सतत ओलं राहिलं तरी वाईट.

दुसरी गोष्ट मी अडून करून घेतली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पाल अगदी धडधाकट दिसली तरी असतात, आणि तान्ह्या बाळाला ते फार बाधतात. म्हणून नियम केला, की पालीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, तिचा फडका वेगळा, आणि तिला हात लावल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. निनादनं हे आपल्या अक्षरात लिहून दारावर लावलं. आणि हात धुऊन झाले की तो बहिणीला मांडीवर घ्यायला येऊन बसू लागला. आधी येत नव्हता.

या पालीचं मूळ गाव म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेलं न्यू कॅलेडोनिया बेट. शास्त्रज्ञांनी १८६६ साली तिचं वर्णन केलं, पुढे ती दिसेनाशी झाली आणि जग तिला नामशेष समजू लागलं. १९९४ साली ती पुन्हा सापडली. आज घरोघरी दिसतात त्या माणसांनी पैदास केलेल्या.

हे वाचून तुमच्या मुलांनी हट्ट धरला तर सरळ नाही म्हणा. सांगलीत मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात मीच वितळते, तिथे या पालीचा काय निभाव लागणार! रात्रंदिवस एसी लावला तरी वीज गेली की संपलं. शिवाय ही पंधरा-वीस वर्षं जगते. मुलगा नोकरीला लागून परगावी जाईल आणि पाल तुमच्याकडे राहील.

मी निघायच्या आदल्या रात्री निनादनं दिवा मालवला आणि मला टाकीसमोर बसवलं. बराच वेळ काही नाही. मग मनी प्लँटच्या पानामागून बिस्किट आली, काचेवर पाय रोवून उभी राहिली आणि पाण्याचे थेंब चाटू लागली. शेपटीच्या जागी आता गुळगुळीत बोंड होतं. तिच्या तळव्यांवरच्या बारीक रेघा काचेतून अगदी स्पष्ट दिसत होत्या. माझ्या नाकापासून वीतभर अंतर असेल.

हल्ली रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. बिस्किटचं वजन सांगतो. मागच्या वेळी एक्केचाळीस ग्रॅम होतं. (काटा वेगळा आहे, स्वयंपाकघरातला नाही, हे मी विचारून घेतलं.) परवा म्हणाला, ‘मावशी, तुझ्या घरातली पाल दाखव ना.’ ती नेहमीसारखी ट्यूबलाइटच्या मागे होती. फोनमध्ये नीट दिसेना, म्हणून मी स्टूल ओढलं आणि वर चढले. ह्यांनी सवयीनं केरसुणी आणून दिली.