अनेक पडदे, एक कार्ड

एकाच संगणकाला तीन-चार पडदे जोडू इच्छिणारा गृहस्थ दुकानात शिरला, की प्रथम ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा आकडा विचारतो. ही चिंता बहुधा व्यर्थ असते. बाजारात ज्याला फोर-के म्हणतात, त्या पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येकी ४ बाइट धरले, तरी एका चित्राला ३३ मेगाबाइट पुरतात. मग हिशेबाचे तक्ते पाहणाऱ्याने खेळांसाठी घडविलेल्या कार्डावर महिन्याचा पगार का उधळावा?

खरा प्रश्न आहे तो दारांचा. कार्डाच्या पाठीवर पोर्ट किती, हे मोजावे. त्यांपैकी एका वेळी किती चालतात, हेही निर्मात्याच्या पत्रकात पाहावे. पुष्कळदा ही मर्यादा चारच असते. एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीवर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा भासतो. २०१३ च्या २.० आवृत्तीने तो वेग ६० वर नेला. डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीपासून एका दारातून पडद्याला पडदा साखळीने जोडता येतो. अर्थात कार्डात आणि पडद्यांतही ती सोय हवी. साधे पडदेच घरात असतील, तर पोर्ट मोजूनच कार्ड घ्यावे.