पारध, शिकार आणि आमिष : काळविटाच्या मृगयेतील नीतीचा शब्दार्थविचार

परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठची जमीन काळी, सपाट आणि बहुतांशी उघडी आहे. रब्बीची ज्वारी वीतभर वर आली की अशा रानात काळविटांचे कळप उतरतात. त्यांतील प्रौढ नर दुरूनच ओळखू येतो. माद्या व पाडसे पिवळसर तपकिरी असतात. नर मात्र वयाबरोबर काळा होत जातो आणि त्याच्या मस्तकावरील पीळदार शिंगे उंचावत जातात. काळवीट हा प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हरिण नसून कुरंग होय, आणि हा भेद येथे केवळ वर्गीकरणापुरता नाही. चितळाची वा सांबराची शिंगे दरवर्षी गळतात व रानात वेचूनही मिळू शकतात. काळविटाची शिंगे आयुष्यभर त्याच्याबरोबर राहतात. ती भिंतीवर टांगावयाची तर प्राणी मेला पाहिजे. म्हणून शिंगांची जोडी कशी मिळवली, हा प्रश्न काळविटाच्या बाबतीत विशेष तीव्रतेने उभा राहतो.

शिकारीच्या नीतीची चर्चा करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. प्राणी मारावा की नाही, हा पहिला. मारावयाचाच तर त्याला भुलवून, आमिष दाखवून, आडून मारावे की त्याला पळण्याची संधी देऊन मारावे, हा दुसरा. यांपैकी दुसरा प्रश्न पाश्चात्य शिकाऱ्यांच्या मंडळांतून निघाला, असा एक समज रूढ आहे. मराठीचा शब्दसंग्रह आणि त्यामागील संस्कृत-प्राकृत परंपरा पाहिली असता हा समज टिकत नाही.

‘मृग’ हा शब्द मूळ अर्थाने कोणत्याही वन्य पशूला लागू होता; त्याचा संकोच होऊन तो हरणापुरता उरला. ‘मृग्’ म्हणजे शोधणे हा धातू त्याच्याशी जोडला गेला आणि ‘मृगया’ या शब्दात शोध व वध हे दोन्ही अर्थ एकत्र नांदू लागले. मनुस्मृतीने राजाच्या कामज व्यसनांची यादी दिली आहे, तीत मृगया अग्रभागी आहे. कौटिल्याने मात्र तिच्या बाजूने साक्ष दिली : व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या व चवताळलेल्या पशूचे चित्त कळते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त तर मृगया हा राजाचा एक ‘विनोद’ आहे. विनोद म्हणजे मनोरंजन; थट्टा हा अर्थ पुढचा.

‘पारध’ या शब्दाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. प्राकृतात ‘पारद्धि’ हा शिकारीचा वाचक शब्द आढळतो आणि मराठी ‘पारध’ त्याच्याच वंशातील होय. हेमचंद्रासारख्या जैन कोशकाराने मृगयेसाठी ‘पापर्द्धि’ हे संस्कृत रूप नोंदविले आहे. त्याची फोड ‘पाप’ आणि ‘ऋद्धि’ अशी होते : ज्यात पापाची भरभराट होते ते. प्राकृत शब्द संस्कृतात नेताना त्याला हा नैतिक पोशाख चढविला गेला असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते. व्युत्पत्ती म्हणून ती संशयास्पद असेल. परंतु शब्द घडविणाऱ्याने त्यातच आपला निकाल लिहून ठेवला, हे विसरता येत नाही. ‘सावज’ हा शब्द ‘श्वापद’ या शब्दापासून आला असे सामान्यतः मानतात. गुजरातीत सावज म्हणजे सिंह आणि मराठीत सावज म्हणजे ज्याच्यावर नेम धरला आहे तो! एकच शब्द एका भाषेत मारणाऱ्याकडे गेला, दुसरीत मरणाऱ्याकडे.

आता कपटाचा प्रश्न. महाभारताच्या आदिपर्वात किंदम ऋषी मृगरूपाने मृगीशी रत असताना पांडू त्याला बाण मारतो. आपल्या समर्थनार्थ पांडू सांगतो की मृगांचा वध कपटावाचून, माया न योजता केलेला इष्ट असतो आणि तोच राजांचा धर्म होय. ऋषीची तक्रारही लक्षात घेण्यासारखी आहे. मृग मारला याबद्दल त्याचा दोषारोप नाही. मीलनाचा क्षण संपेपर्यंत थांबावयास हवे होते, एवढेच त्याचे म्हणणे. रामायणाच्या किष्किंधाकांडात याच्या नेमकी उलट भूमिका येते. सुग्रीवाने आव्हान दिले म्हणून वाली बाहेर पडला आणि दुसऱ्याशी झुंजत असता झाडाआडून आलेल्या बाणाने पडला. त्याच्या रोषाला उत्तर देताना राम जी कारणे सांगतो त्यांत एक असे : माणसे जाळ्यांनी, पाशांनी, नाना कूट उपायांनी, लपून वा उघडपणे मृगांना धरतात आणि त्यात दोष मानीत नाहीत. वाली शाखामृग असल्याने हा न्याय त्यालाही लागू. टीकाकारांनी आणि कीर्तनकारांनी या प्रसंगावर पुष्कळ शब्द खर्च केले आहेत. परंतु शिकारीच्या दृष्टीने पाहिले तर हे प्रतिस्पर्धी दाखवून नराला खेचून आणण्याचे निखळ उदाहरण आहे.

काळविटाला भुलविण्याची जुनी रीतही तीच. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने हरणाकडून हरिण धरण्याचा प्रकार वर्णिला आहे. शिकविलेल्या नराच्या शिंगांवर जाळे बसवून त्याला रानातील नरांपुढे सोडीत. झुंज सुरू झाली की रानातील नराचे शिंग, पाय किंवा कान त्यात गुंतत आणि दबा धरून बसलेली माणसे धावून जात. येथे अन्नाचा लोभ नाही. माजावर आलेला नर आपल्या जागेवर दुसरा नर सहन करीत नाही, हा त्याचा स्वभावच त्याच्याविरुद्ध वापरला जातो. ‘आमिष’ या शब्दाची गंमत येथे उघड होते. आमिष म्हणजे मूळचे मांस. ‘निरामिष’ या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. मांस गळाला लावतात म्हणून आमिष म्हणजे गळावरचा घास, आणि पुढे आमिष म्हणजे कोणताही मोह. तृणभक्षक काळविटाला मूळ अर्थाने आमिष दाखविताच येत नाही. त्याचे आमिष म्हणजे त्याचा शत्रू. शब्दाच्या अर्थविस्ताराने ही विसंगती निस्तरली.

दुसरी रीत परिचयावर आधारलेली आहे. शेतात वावरणारा काळवीट माणसाला बुजतो, पण बैलाला आणि बैलगाडीला फारसा बुजत नाही. चित्त्याकडून काळविटाची शिकार करविताना चित्त्याला डोळे बांधून बैलगाडीवरूनच कळपाजवळ नेत. कोल्हापूर संस्थानात ही शिकार विसाव्या शतकापर्यंत चालू होती, आणि भारतातील चित्ते दुर्मीळ झाल्यावर तेथे आफ्रिकेतून चित्ते आणविण्यात आले. बंदूकधारी शिकारीही गाडीच्या आडोशाने पल्ल्यात जात. पारधी शिकविलेल्या बैलाच्या आडून चालत. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात पारध्यांची ही रीत व फास मांडण्याची पद्धत नोंदविली आहे. लांब दोरीला जवळजवळ अनेक फास बांधावयाचे, ती कळपाच्या वाटेवर खुंट्यांनी आडवी धरावयाची आणि कळपाला दचकू न देता हळूहळू तिकडे वळवावयाचे. यात धावपळ नाही, आरोळी नाही. प्राण्याच्या चालीचे, वाऱ्याचे आणि दृष्टीच्या टप्प्याचे सूक्ष्म ज्ञान तेवढे आहे.

‘फास’ हा ‘पाश’ या शब्दाचा वंशज, आणि ‘फासेपारधी’ हे नाव त्याच्यावरून पडले. शिकारी जाळ्याला ‘वाघूर’ म्हणतात. तो ‘वागुरा’ या संस्कृत शब्दाचा अवशेष होय. मधला ‘घ’ वाघाच्या आठवणीने शिरला असावा. वाघूर शब्द ऐकून वाघ आठवतो, प्रत्यक्षात तिच्यात सशासारखे प्राणीही सापडतात.

आता सामाजिक बाजू, आणि खरा विवाद येथेच आहे. गाडीच्या आडून गेलेला सरदार, बैलाच्या आडून गेलेला पारधी : दोघांनी काळविटाच्या विश्वासाचा सारखाच गैरफायदा घेतला. पहिल्याच्या कृतीला ‘शिकार’ हा दरबारी फारसी शब्द मिळाला. दुसऱ्याची कृती ‘फासे टाकणे’ ठरली, आणि ‘फाशात अडकवणे’, ‘जाळे पसरणे’ हे वाक्प्रचार मराठीत फसवणुकीचे पर्याय होऊन बसले. ‘लीळाचरित्रा’तील प्रसिद्ध लीळेत ससा पारध्यांच्या तावडीतून सुटून चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो. तेथे पारधी म्हणजे पारध करणारा; जातीचा अर्थ घेण्याची गरज पडत नाही. पुढे कर्त्याचा वाचक शब्द जन्माचा वाचक झाला. अर्थात ही विभागणी सरळ रेषेची नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीखाली फासेपारधी, चितापारधी, टाकणकार यांच्याबरोबर ‘शिकारी’ हेही नाव आहे. म्हणजे दरबारी शब्दही पोटासाठी मारणाऱ्याच्या वाट्याला आला, की तोही जात बनला! गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी तर अनेक पारधी गटांचा धंदा, भटकंती आणि जन्म ही तिन्ही संशयाखाली आणली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; गावोगावच्या बोलण्यातील संशय अधिसूचनेने रद्द होत नाही.

शिंगांसाठी मारण्याची रीत या सर्वांहून निराळी. इंग्रजीतील ‘ट्रॉफी’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. शत्रू जेथे पाठ फिरवून पळाला तेथे उभारलेल्या विजयचिन्हाचा तो वाचक होता. शत्रू पळाला पाहिजे, म्हणजे त्याला पळण्यास वाव असला पाहिजे, ही कल्पना त्यात गृहीत आहे. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने अमेरिकेत स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने याच कल्पनेतून समन्यायी पाठलागाचा दंडक पुरस्कारिला. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी शिंगे इंचांत मोजीत. दख्खनमधील काळविटांची शिंगे उत्तरेकडील काळविटांच्या मानाने आखूड असल्याची नोंद त्यांच्या ग्रंथांत आहे. त्यांच्या दृष्टीने फास नीच, आणि गाडीचा आडोसा मात्र चालण्यासारखा. दंडक किती लवचीक असतो याचा दाखला टेक्सासमध्ये पाहावयास मिळतो. तेथे १९३० च्या दशकात काळवीट नेऊन सोडण्यात आले. आज तेथील खासगी कुरणांवर ठरावीक वेळी मक्याचे दाणे फेकणारी यंत्रे उभी असतात, आणि त्यांच्यापाशी आलेला परभणीच्या काळविटाचा भाऊबंद पैसे मोजून मारता येतो. अमेरिकेतील सर्व राज्यांचे मत मात्र एक नाही; काहींनी हरणांसाठी खाद्य टाकून शिकार करण्यास मनाई केली आहे, तर काही ती चालू देतात.

भारतात या वादाचे सर्वांत काटेकोर उत्तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या मूळ मसुद्यात सापडते. तेव्हा काही प्राण्यांची परवान्याने शिकार करता येत असे आणि तिच्या रीतींवर कलम १७ ने बंधने घातली होती. मोटारीतून शिकार नको, कारण जीप आणि प्रखर दिवे यांनी स्वातंत्र्योत्तर काळात उघड्या रानातील काळविटांची दाणादाण उडविली होती. जाळी, खड्डे, फास आणि विष नको. पाणवठ्यावर वा क्षार चाटण्याच्या जागी, किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर, बसून मारणे नको. मात्र विशेष परवाना असल्यास हिंस्र प्राण्याला त्याने मारलेल्या जनावरापाशी कृत्रिम प्रकाशात मारता येई. तहान हे हरणाचे आमिष मानले गेले आणि ते निषिद्ध ठरले. मांस हे हिंस्र प्राण्याचे आमिष, ते मात्र परवान्याने क्षम्य. काळवीट प्रथमपासून पहिल्याच अनुसूचीत असल्याने या सवलती त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही सारी व्यवस्थाच काढून टाकली. पिकाचे नुकसान हे कारणही पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्यास पुरत नाही. ज्वारीचे कोवळे रान शेतकऱ्याने काळविटासाठी पेरलेले नसते; तरी त्या रानाच्या बांधावर बंदूक घेऊन बसणारा माणूस आमिषापाशीच बसलेला असतो.

त्याच अधिनियमातील शिकारीची व्याख्या शब्दार्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ठार मारणे आणि विष घालणे यांच्याबरोबर पकडणे, पाठलाग करणे, फास लावणे, सापळा मांडणे, हाकणे आणि आमिष दाखविणे, इतकेच नव्हे तर यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व ‘शिकार’ या एका शब्दात घातले आहे. पांडूने ज्याला माया म्हटले आणि रामाने जे निर्दोष ठरविले ते, सरदाराची गाडी आणि पारध्याचा बैल, हाकारा आणि फास यांना कायद्याने एकच नाव दिले. दरबारी शब्द अखेर फासेपारध्याच्या दोरीलाही लागू झाला, पण तो गुन्ह्याचे नाव म्हणून. परभणीच्या रानात वनरक्षकाला फासांची माळ सापडली तर पंचनाम्यात ‘फास’ हाच शब्द पडतो आणि कलमापुढे ‘शिकार’.