तलावातले शेवाळ आणि उसाचे वजन

कळंब्याच्या तलावाकाठी, पाऊस सरल्यानंतरच्या एखाद्या सकाळी, पदवीच्या प्रथम वर्षात नुकतीच दाखल झालेली पंधरावीस मुले घेऊन उभे राहावे, उथळ पाण्यातून हिरव्या वेलीचा एखादा झुबका वर काढावा आणि 'हे काय?' असे विचारावे, तर बारावीला जीवशास्त्रात उत्तम गुण मिळवून आलेली ती मुले जवळजवळ एकमुखाने 'शेवाळ' असे उत्तर देतात. ते शेवाळ नसते. देठाभोवती वलयाने बसलेली पाने, भिंगाखाली स्पष्ट दिसणारे त्यांच्या कडांचे दाते आणि हंगामात येणारी इवली फुले पाहिली, म्हणजे ही हायड्रिला आंब्या-गुलाबाच्याच सपुष्प गोतातली आहे, हे ध्यानात येते. पाण्यात जे जे हिरवे ते ते शेवाळ, हा निवाडा मुलांनी शाळेच्याही आधी केलेला असतो आणि पुढे कोणत्याही परीक्षेने त्याचा फेरविचार करावयास लावलेले नसते. प्रास्ताविक जीवशास्त्र शिकविताना खरी अडचण येते ती विद्यार्थ्याच्या अज्ञानाची नव्हे, तर त्याला पक्के ठाऊक असलेल्या गोष्टींची.

यातील काही समज खुद्द विषयाविषयीच असतात. 1880 पासून राजाराम महाविद्यालय आणि 1962 पासून शिवाजी विद्यापीठ नांदत असलेल्या कोल्हापुरातही, जीवशास्त्र म्हणजे गणित न जमणाऱ्यांचा आसरा, किंवा वैद्यकीय प्रवेश हुकलेल्यांनी पुढच्या वर्षापर्यंत बसून राहण्याची पडवी, असे मानणारे पालक मला दरसाल भेटतात. त्यांच्यापुढे मी मेंडेलचे आकडे ठेवतो. व्हिएन्नात भौतिकशास्त्र आणि गणित शिकून आलेल्या या मठवासी संशोधकाने 1866 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीतील 929 झाडांपैकी 705 झाडांना जांभळी आणि 224 झाडांना पांढरी फुले आल्याचा हिशेब दिला आहे. तिनास एक हे प्रमाण तंतोतंत पाळले गेले असते, तर जांभळ्या फुलांची झाडे सुमारे 697 भरली असती. म्हणजे फरक आठ झाडांचा. हा फरक निव्वळ योगायोगाचा की नियमच चुकला, हे ठरविण्यासाठी संभाव्यतेचे गणित लागते, आणि ज्याला ते नको असेल त्याला आनुवंशिकीच्या दाराबाहेरच उभे राहावे लागते.

याच प्रकरणातील दुसरा समज 'प्रभावी' या शब्दाने पोसला आहे. प्रभावी गुण तो समाजात अधिक आढळणारा, असे मुले धरून चालतात. वास्तविक प्रभावी याचा अर्थ एवढाच की, जनुकाची एक प्रत असली तरी तो गुण प्रकट होतो. ओ रक्तगट अप्रभावी जनुकांच्या जोडीतून येतो, तरी तो आपल्याकडे घरोघर आढळतो. उलट हाताला सहावे बोट असणे हे पुष्कळदा प्रभावी जनुकाचे काम असते, आणि तसा मनुष्य गावात एखादाच असतो.

शिवाय, चूक नेहमी मुलांचीच असते असेही नाही. मानवी शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे वाक्य कित्येक वर्षे क्रमिक पुस्तकांतून निर्धास्त वावरत होते, आणि मीही ते फळ्यावर लिहिले आहे. 2016 साली नव्याने मांडलेल्या हिशेबात सत्तर किलो वजनाच्या पुरुषात सुमारे 30 लाख कोटी पेशी आणि 38 लाख कोटी जिवाणू, म्हणजे जवळजवळ बरोबरी, निघाली. तेव्हा मला ते वाक्य सर्वांदेखत मागे घ्यावे लागले.

लॅटिन नावे पाठ करणे म्हणजेच वनस्पतिशास्त्र, ही तक्रार मात्र मी निम्मी मान्य करतो, कारण ती आम्हीच तशी शिकवितो. यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ 2002 साली विद्यापीठाने प्रसिद्ध केला. तो उघडून एखादे रोप ओळखून पाहिले, म्हणजे नाव ही त्या रोपाच्या साऱ्या नोंदींकडे नेणारी गटनंबरासारखी खूण आहे, हे उमगते. सातबारा कोणी पाठ करीत नाही.

सर्वांत चिवट समज मात्र उसाच्या फडात दडलेला आहे. करवीर तालुक्यातील शेतकऱ्यांची मुले वर्गात असतात. त्यांना मी विचारतो की, बोटभर डोळ्यातून उगवून पुरुषभर उंचीच्या वर जाणाऱ्या उसाचे वजन येते कोठून? 'मातीतून, सर, लागणीच्या खतातून,' असे उत्तर येते, आणि ज्याच्या घरी खताच्या पोत्यांचा जमाखर्च आहे त्याला ते पटावे यात नवल नाही. सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ व्हान हेल्मोंटने हा हिशेब प्रत्यक्ष तोलून पाहिला होता. 200 पौंड कोरड्या मातीत लावलेल्या त्याच्या विलो झाडाने पाच वर्षांत सुमारे 164 पौंड वजन कमावले आणि माती घटली केवळ दोन औंस. 1648 साली, त्याच्या मरणानंतर, हे प्रसिद्ध झाले. त्याने सारे श्रेय पाण्याला दिले. 'गॅस' हा शब्द ज्याने घडविला, त्याच्याच हिशेबातून हवा वगळली जावी, हा दैवदुर्विलास मला नेहमी चटका लावतो. ताज्या उसात बहुतांश पाणीच असते हे खरे. परंतु चिपाडात आणि साखरेत जो कार्बन आहे तो हवेच्या दहा हजार भागांतील अवघ्या चार भाग कर्बवायूतून आलेला असतो, आणि खत पुरविते ते कर्बवायूपासून साखर बनविणाऱ्या पानातल्या कारखान्याची यंत्रे घडविण्यास लागणारे नत्र, स्फुरद, पालाश. हा कारखाना उसाच्या पानात काही निराळ्या रीतीने चालतो, आरंभी तीन नव्हे तर चार कार्बन अणूंचे आम्ल बनते, हे हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे 1966 साली उसावरच काम करून मांडले.

झाडाच्या श्वासाविषयी तर एकाच वर्गात दोन परस्परविरोधी समज सुखाने नांदतात. रात्री झाडाखाली निजू नये, ते विषारी वायू सोडते, असे आजी सांगते. आणि पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, असे मोबाइलवरचा निरोप सांगतो. वस्तुतः प्रत्येक झाड अहोरात्र श्वसन करते. प्राणवायू मात्र उजेड असेपर्यंतच बाहेर पडतो, आणि तोही कर्बवायूतून नव्हे तर पाण्यातून सुटतो, हे 1941 साली जड ऑक्सिजनच्या साहाय्याने दाखविले गेले. खोलीतल्या कुंडीपेक्षा शेजारी निजलेला भाऊ कितीतरी अधिक कर्बवायू सोडतो.

हे पटवून देण्यासाठी तलावातून आणलेली हायड्रिलाच उपयोगी पडते. तिची कापलेली टोके वर करून, चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात, उपड्या नरसाळ्याखाली ठेवावीत. चंचुपात्र खिडकीत आणताच कापलेल्या देठांतून बुडबुड्यांची बारीक माळ निघू लागते आणि मुले घड्याळ लावून ते मोजू लागतात. गेल्या खेपेस मोजणी रंगात आली असतानाच उन्हावर ढग आला. माळ विरळ झाली, मग एकेक बुडबुडा रेंगाळत वर येऊ लागला, आणि नोंदवही घेऊन बसलेल्या मुलीने मान वर करून विचारले, 'सर, आता हे झाड काय करतंय?'