कोविड-१९ महामारी आणि कॉक्लिअर इम्प्लांटधारक प्रौढांचे दैनंदिन जीवन : पंढरपूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे घोषित केले. १७ मार्चपासून पंढरपूरचे विठ्ठल मंदिर भाविकांसाठी बंद झाले, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि १ जुलैची आषाढी एकादशी वारकऱ्यांच्या गर्दीविना पार पडली. या काळाच्या आर्थिक व धार्मिक परिणामांची चर्चा पुष्कळ झाली. कॉक्लिअर इम्प्लांटद्वारे ऐकणाऱ्या प्रौढांच्या अडचणींकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. त्या अडचणींची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इम्प्लांटचे कार्य :
श्रवणयंत्र ध्वनी मोठा करते. इम्प्लांटची रीत वेगळी आहे. कानामागील प्रोसेसर ध्वनीचे विद्युत संकेत बनवितो आणि शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसविलेले इलेक्ट्रोड श्रवणचेतेला थेट उद्दीपित करतात. नैसर्गिक कानातील हजारो पेशींचे काम येथे साधारणतः १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. त्यामुळे बोलण्याची लय व घोष-अघोष भेद बऱ्यापैकी कळतो. परंतु 'पान', 'तान', 'कान' यांतील उच्चारस्थानाचा भेद अस्पष्ट राहतो. ही उणीव डोळे भरून काढतात, कारण 'प' उच्चारताना ओठ मिटलेले दिसतात. म्हणजेच इम्प्लांट जे कमी देते, तेच ओठ पुरवितात.

मास्क व अंतर :
मास्कने नेमका हाच आधार काढून घेतला. शिवाय साधा वैद्यकीय मास्क उच्च कंप्रतेचे ध्वनी सुमारे ३ ते ४ डेसिबलने, तर एन-९५ मास्क सुमारे १२ डेसिबलपर्यंत क्षीण करतो. 'स', 'श' यांसारखी व्यंजने याच पट्ट्यात येतात. औषधाच्या दुकानात 'साठ' हा शब्द 'आठ' असा ऐकू येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. मोकळ्या जागेत अंतर तीन फुटांवरून सहा फूट केल्यास ध्वनी आणखी सुमारे ६ डेसिबलने घटतो. मास्कची दोरी व प्रोसेसर दोन्ही कानामागेच असल्याने मास्क काढताना महागडा प्रोसेसर पडण्याची भीती असे, ती वेगळीच. रुग्णालयात तर नातेवाइकांना मज्जाव होता. एरवी बोलणे समजावून सांगणारी व्यक्तीच सोबत नसल्याने रुग्णाची संमती, तक्रार व उपचार या सर्वांवर त्याचा परिणाम संभवतो.

देखभालीचा प्रश्न :
विद्युत संकेतांची पातळी श्रवणतज्ज्ञाकडून वेळोवेळी जुळवून घ्यावी लागते. यास मॅपिंग म्हणतात. ही सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहे. महाराष्ट्रात आंतरजिल्हा एस. टी. सेवा २० ऑगस्ट २०२० रोजी पूर्ववत सुरू झाली, तर खाजगी वाहनांसाठी ई-पासची अट २ सप्टेंबरपासून उठली. तोपर्यंत पंढरपूरहून पुण्याला जाणे सामान्य माणसास कठीण होते. बॅटरी संपली किंवा केबल तुटली, तर ऐकणे पूर्णतः थांबते. केंद्र शासनाच्या एडिप योजनेतील इम्प्लांटचे साहाय्य बालकांसाठी असल्याने प्रौढांना या खर्चात तिचा आधार नव्हता.

अनुकूल बाजू :
परिणाम सर्वस्वी प्रतिकूल होते असे म्हणता येणार नाही. इम्प्लांटधारकास गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे सर्वांत अवघड जाते. टाळेबंदीत रस्ते शांत झाले आणि घरातील परिचित आवाजांशीच संबंध राहिला. दृक्श्राव्य संभाषणात चेहरा मास्कविना दिसू लागला. मात्र नेटवर्क मंद असल्यास ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ बसत नाही आणि हा लाभ नाहीसा होतो.

धोरणात्मक बाजू :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ मध्ये आपत्तीकाळात समान संरक्षणाची तरतूद आहे. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या होत्या. त्यांत माहिती सुगम स्वरूपात देण्यावर भर होता. परंतु रुग्णालयाच्या खिडकीवर अथवा वर्गात अशी सूचना आपोआप पोहोचत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, महामारीने श्रवणदोष वाढविला नाही; तिने ऐकण्यास पूरक असलेले दृश्य आधार काढून घेतले. ते परत देणे फारसे खर्चिक नाही. लेखी सूचना, पारदर्शक मास्क, उपशीर्षके व समोर पाहून सावकाश बोलणे एवढ्यानेही बरेच साधते. लक्षावधी वारकऱ्यांची व्यवस्था लावणाऱ्या पंढरपुरात ध्वनिक्षेपकावरील प्रत्येक सूचना फलकावरही लिहिण्याची प्रथा रूढ व्हावी आणि महाविद्यालयांनी त्याचा आरंभ स्वतःच्या वर्गखोल्यांपासून करावा, असे सुचवावेसे वाटते.