निवडुंगाच्या शाळेंत शिकलेलें घर

वृक्षाला संस्कृतांत जीं अनेक नांवें आहेत त्यांत 'पादप' हें मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतें. पायांनीं, म्हणजे मुळांनीं, पाणी पिणारा तो पादप. आपल्याकडे, जेथें विहिरी-ओढ्यांची अगदींच वाण नाहीं, तेथें या व्युत्पत्तीचें कोणास विशेष वाटत नाहीं. परंतु अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, ॲरिझोना संस्थानांत पसरलेल्या सोनोरा नांवाच्या वाळवंटांत सग्वारो नांवाचा एक निवडुंग उभा असतो. त्याची रचना समजावून घेतली म्हणजे हा शब्द घडविणाराच्या दृष्टीचें कौतुक वाटतें. त्या निवडुंगापासून एका थोर वास्तुशिल्पज्ञानें घर बांधण्याची विद्या कशी घेतली, हें येथें सांगावयाचें आहे.

सोनोराचें वाळवंट म्हणजे नुसता वाळूचा समुद्र नव्हे. तेथें पाऊस पडतो. थोडा हिंवाळ्यांत, थोडा आषाढ-श्रावणाच्या सुमारास. परंतु फीनिक्स शहरीं वर्षाचें सरासरी मान सात-आठ इंचांपलीकडे जात नाहीं. जें मिळेल तें तत्काळ प्यावें आणि मग महिनोन्‌महिने पुरवावें, एवढाच काय तो मार्ग. म्हणून सग्वारोचें एक मूळ खोल जातें. बाकीचीं सारीं जमिनीखालीं चार बोटांवर राहून, झाडाच्या उंचीएवढ्या अंतरापर्यंत चोहोंकडे पसरतात. खोडाला धोतराच्या निऱ्यांसारख्या उभ्या घड्या असतात. पाणी भरलें कीं त्या उलगडतात, आटलें कीं मिटतात; आणि एरवीं प्रत्येक निरी शेजारच्या निरीवर थोडीशी सांवली धरते. आंत लांकडी कामट्यांचें कडें असतें. चाळीस फूट उंचीचा, टनावारी वजनाचा हा देह त्या कडें केलेल्या सांगाड्यावर उभा राहतो व दीडशें वर्षें जगतो. त्वचेवरील छिद्रें तो दिवसा मिटून ठेवतो आणि रात्र थंड झाली म्हणजे उघडतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

त्याचे शेजारीही कमी हुशार नाहींत. ओकोटियो नांवाचें झुडूप पाऊस पडल्यावर थोड्याच दिवसांत पानांनीं भरतें आणि ओल सरली कीं पानें टाकून छड्यांची मोळी होऊन बसतें. फुलें मात्र टोंकाशीं लालभडक. पालो व्हर्डे या झाडाची सालच हिरवी असते व पानांचें काम तीच करते. मेस्कीट तर आपल्या शमीच्या गोतांतला. निवडुंग दारांत नसावा असें आपल्याकडे वडील माणसें म्हणत. त्या देशांत दारांतला निवडुंग हीच घराची शोभा आहे.

या वनस्पतींचें मोल तेथील मूळच्या रहिवाशांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. तोहोनो ओओदाम हे लोक मेलेल्या सग्वारोच्या कामट्या छपराला घालीत, त्यावर माती लिंपीत, आणि घरापुढें चार मेढींचा उघडा मांडव घालून दिवसाचा संसार त्याच्या सांवलींत करीत. आपल्या ओसरीची आठवण व्हावी अशीच ही योजना आहे. बाहेरून आलेल्या गोऱ्या लोकांनीं मात्र आपापल्या गांवचीं घरें तेथें आणून बसविलीं.

या रूढीविरुद्ध ज्यानें घर बांधून दाखविलें तो फ्रँक लॉइड राइट. चँडलर या गृहस्थांनीं एका मोठ्या विश्रांतिगृहाचें काम त्यास सांगितलें होतें. त्यासाठीं १९२९ सालीं तो शिष्यांसह वाळवंटांत राहण्यास आला आणि लांकडी फळ्या व तंबूचें कापड यांची छावणी त्यानें उभारली. छावणीचें नांव ओकोटियोवरूनच ठेविलें होतें, आणि कापडाच्या त्रिकोणांना त्या फुलाचा लाल रंग दिला होता. सग्वारोकडे पाहून तो म्हणे कीं, सांगाडा आंत घालून बांधकाम कसें मजबूत करावें याचा हा नमुनाच आहे. विश्रांतिगृहाच्या कांक्रीटच्या ठोकळ्यांनाही त्यानें सग्वारोच्या निऱ्या योजिल्या. पण त्याच वर्षीं अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला व तें काम कागदावरच राहिलें.

पुढें १९३७ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, ज्या वयांत आपण पेन्शनचा हिशेब करीत बसतों त्या वयांत, त्यानें स्कॉट्सडेलजवळ मॅकडॉवेल डोंगराच्या पायथ्याशीं 'टॅलिएसिन वेस्ट' हें आपलें घर व शाळा बांधण्यास घेतली. लांकडी साच्यांत तेथलेच दगड सपाट बाजू बाहेर करून रचावयाचे आणि मधल्या पोकळींत कांक्रीट ओतावयाचें. वर रेडवुडच्या तुळया व त्यांच्यावर पांढरें कापड. त्यांतून ऊन गाळून येई. सरळ रेघ वाळवंटांत शोभत नाहीं, कारण तेथें प्रत्येक कड कांट्यांनीं तुटक झालेली असते, असें त्याचें मत होतें. भिंतीही डोंगरासारख्या आंत कललेल्या आहेत. २०१९ सालीं युनेस्कोनें त्याच्या आठ कृतींना जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत हें घर आहे.

त्यांत उणीव नव्हती असें नाहीं. पावसांत तें गळे. कापडाच्या जागीं पुढें कांच व इतर पदार्थ आले. शिवाय तें हिंवाळ्याचें बिऱ्हाड होतें. उन्हाळा लागला कीं सारी मंडळी विस्कॉन्सिनला जात. बारा महिने तेथेंच काढणाऱ्या गृहस्थाचा प्रश्न राइटनें पुरता सोडविला, असें म्हणवत नाहीं. त्याचें उत्तर माझ्या मतें टूसॉनच्या रिक जॉय यांच्यासारख्या पुढील पिढीच्या शिल्पज्ञांनीं अधिक नीट दिलें. ओलसर माती साच्यांत थरांथरांनीं धुम्मसून केलेल्या जाड भिंती, मधें चौक, आणि पश्चिमेला उघडीप शक्य तितकी थोडी. अशी भिंत दिवसाची उष्णता हळूहळू आंत घेते व रात्रीं सोडते. म्हणजे सग्वारोप्रमाणें तिचाही सारा भरंवसा थंड रात्रीवरच.

आणि तीच रात्र आतां दगा देऊं लागली आहे. २०२३ च्या उन्हाळ्यांत फीनिक्सला लागोपाठ ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारें ४३ अंश सेल्सियसच्या, खालीं थांबला नाहीं. रात्रीं हवा निवेना, तेव्हां सग्वारोंचे हात गळून पडले, कांहीं उभे निवडुंग कोसळले. त्या वर्षीं त्या शहराच्या जिल्ह्यांत उष्म्यानें सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. घरांत दगावलेल्यांपैकीं अनेकांकडे हवा थंड करणारें यंत्र होतें, पण तें बंद पडलें होतें. यंत्र नकोच असें मी म्हणत नाहीं. तेथें तें औषधासारखें आवश्यक आहे. परंतु पातळ भिंतींचें, कांचेच्या दर्शनी बाजूचें घर यंत्र थांबतांच लवकर भट्टी होतें. जाड भिंतीचें व सांवलीचें घर माणसाला मदत येईपर्यंत कांहीं तास तरी देतें.

आज मराठी कुटुंबेंही त्या प्रांतांत नांदत आहेत. कोणी तेथें घर बांधणार असेल तर त्यानें प्रथम भूखंडावरील झाडें मोजावीं. सग्वारो हलवावयाचा तर तेथें सरकारी परवाना लागतो, म्हणून जाणते शिल्पज्ञ झाड जागीं ठेवून चौक त्याच्याभोंवतीं आंखतात. नवें रोप लावणें झालें तर तें पालो व्हर्डेच्या सांवलींत लावावें. रानांतही तें तसेंच वाढतें. पहिल्या आठ-दहा वर्षांत तें जेमतेम दीड इंच उंच होतें, आणि पहिला हात फुटण्यास पन्नास-पाऊणशें वर्षें लागतात.